तिसरीतली मुलगी गणितं पाच मिनिटांत संपवते आणि मग इतरांना त्रास देते. वर्गशिक्षकांनी काय करावं?

तसलीच आणखी वीस गणितं देऊ नका. लवकर संपवण्याची ती शिक्षाच होते. मूल मग मुद्दाम रेंगाळायला शिकतं.

धडा सुरू करण्याआधीच त्यातली सर्वांत अवघड पाच उदाहरणं तिला द्या. चार बरोबर आली तर सराव माफ. चुकलेलं तेवढं शिकवा.

वाचलेल्या वेळात चौथीचं पुस्तक उघडण्यापेक्षा त्याच घटकात खोल जाणारं काम बरं. उदाहरणार्थ, 1 ते 6 हे अंक एकेकदाच वापरून दोन तीन-अंकी संख्या करायच्या, बेरीज सर्वांत मोठी हवी. 631 + 542 = 1173 हे ती पटकन काढेल. पण अशा जोड्या चार आहेत. त्या चारही शोधायच्या आणि पाचवी का नाही, हे पटवून द्यायचं. झटपट उत्तरांची सवय असलेली मुलं नेमकी इथे अडतात, कधी रडतातही. लगेच सांगू नका, दहा मिनिटं झगडू द्या. लिहिणं कच्चं असेल तर तोंडी ऐका.

रोज तिला मागे पडलेल्यांना शिकवायला बसवणं मात्र कृपया टाळा. तिचं स्वतःचं शिकणं तिथेच थांबतं.