खुर्ची सोडून वर्गात जाताना

सरकारी सेवेतला राजीनामा मंजूर झाला, लोकप्रशासन शिकवायला विद्यापीठात रुजूही झालात, आता पहिल्या सत्राची तयारी चालली असेल. आठवणी सांगण्याचा मोह तेवढा आवरा. ‘आमच्या वेळी’ने सुरू झालेला तास विद्यार्थ्यांना आवडतो, पण त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा एक प्रकरण घ्या, नावंगावं बदला आणि ते निर्णयाच्या आदल्या दिवशी थांबवा. तुमच्या टेबलावर होते तेवढेच कागद त्यांना द्या: खालून आलेली टिपणी, वित्त विभागाची हरकत, अर्जदाराचं स्मरणपत्र. मग प्रत्येकाकडून अर्ध्या पानाचा शेरा लिहून घ्या आणि खाली सही करायला लावा. सहीपाशी पेन अडखळतं. खरी चर्चा तिथूनच सुरू होते. तुम्ही काय केलंत ते अगदी शेवटी सांगा, आणि तेच एकमेव बरोबर उत्तर होतं असं भासवू नका.

गोपनीयतेचं बंधन नोकरीबरोबर संपत नाही, हे ध्यानात असू द्या.

सिद्धांताला कमी लेखू नका. राजकारण आणि प्रशासन वेगळं ठेवावं, हा विचार अमेरिकी अभ्यासक आणि पुढे तिथले राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन यांनी १८८७ मध्ये मांडला. मंत्र्याचा तोंडी आदेश आला तर काय करायचं, हा तुमचा अनुभव त्याच वादातला आहे. दोन्ही शेजारी ठेवून शिकवा.

आणि हो, इथे हुकूम चालत नाही. अभ्यासक्रमातला बदलही विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढून जातो. तरुण प्राध्यापकांच्या तासाला मागे जाऊन बसा. शिकवण्यात ते तुम्हाला सीनियर आहेत. पहिल्या सत्रात विषय एकच मागून घ्या.