शिखरानंतरची उतरण

प्रश्न : अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेल सलग चालून शेवटच्या शिखरावर पोहोचल्यावरही पदयात्रा संपली असे का मानू नये? आणि अनेकांना नंतर उदास का वाटते?

उत्तर : जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून निघणारी ही सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट मेन राज्यातील कटाहडिनच्या शिखरावर, साधारण १,६०६ मीटर उंचीवर, संपते, मात्र तिथे मोटाररस्ता नसल्याने जवळपास साडेआठ किलोमीटरची खडकाळ चढण चढून आलेल्याला, छायाचित्रे काढून झाल्यावर, त्याच दिवशी खालीही उतरावे लागते. थकलेले गुडघे आणि काम फत्ते झाल्याची भावना ही जोडी उतारावर फार धोक्याची असते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर, कटाहडिन ज्या उद्यानात आहे त्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये मुक्कामाची सोय बंद होते. त्यामुळे मागे पडलेले काही जण वाहनाने आधी कटाहडिनला जातात व उरलेला भाग उलट दिशेने, दक्षिणेकडे चालतात. आमच्या मते त्यात कमीपणा मुळीच नाही.

उदासपणाचे म्हणाल, तर पाच-सहा महिने दिवसाला एकच स्पष्ट काम, भरपूर श्रम आणि सोबत्यांचा सहवास लाभलेला असतो, आणि हे सारे एका दुपारी थांबते. भूक मात्र थांबत नाही (वजन वाढते ते यामुळेच). चालणे एकदम सोडू नये, सोबत्यांशी संपर्क ठेवावा, आणि उदासी काही आठवडे हटली नाही तर डॉक्टरांना निःसंकोच भेटावे.