ट्रेनिंग संपल्यावर फोन कोण उचलणार

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांच्या ग्रंथपालांना कोहा, म्हणजे वाचनालयाचं कामकाज चालवायचं सॉफ्टवेअर, शिकवायचं काम तुझ्याकडे आलं, चांगलं झालं. तू पाठवलेलं दोन दिवसांचं टाइमटेबल पण पाहिलं. फाडून टाक असं नाही म्हणत मी, पण पहिला दिवस जो आहे ना, ओपन सोर्स म्हणजे काय, त्याचा इतिहास, फायदे, मग लिनक्स इन्स्टॉलेशन, मग सगळे मॉड्यूल, म्हणजे कोहाचे वेगवेगळे भाग, एकापाठोपाठ एक, तो पार कॉलेजच्या वर्कशॉपसारखा झाला. कॉलेजात लोक सर्टिफिकेटसाठी बसतात, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलमध्ये लावायला. तुझ्यासमोर बसणाऱ्या ताईला सोमवारी संध्याकाळी वाचनालय उघडायचं असते आणि तिच्यासमोर पुस्तक बदलायला माणूस उभा असतो.

आधी येणारे लोक कोण आहेत ते पाह्य. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ही वाचनालयं, अ ब क ड असे वर्ग, आणि आपल्या खेड्यापाड्यांत जास्त करून क आणि ड. ड वर्गात बहुतेक ठिकाणी एकच माणूस, तोच ग्रंथपाल, तोच झाडू मारणार, तोच पेपर लावणार, पगार म्हणावा असा पगार नाही, घरी दोन-तीन एकर कोरडवाहू. त्याला कॉम्प्युटरची भीती नसते बरं, मोबाइलवर तो सगळं करून राहिला, फोनपे, सातबारा, सगळं. त्याची भीती वेगळी आहे. एक ताई मला म्हणाल्या होत्या, "सर, रजिस्टरात लिवलेलं कुठं जात नाही, यातलं इकडचं तिकडं झालं त माह्यावर येईन." आता सांग, यावर मॉड्यूलची स्लाइड दाखवून काय उपयोग? त्या खरंच बोलत होत्या. तपासणीला जिल्हा ग्रंथालय कार्यालयाचा माणूस आला की तो दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीची वही, मागतो, आणि सही त्या ताईची असते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. विकतचं सॉफ्टवेअर घेतलं की एक कंपनी असते, वर्षाचे पैसे घेते, फोन केला की कुरकुर करत का होईना कोणीतरी येतो. कोहात ती जागा रिकामी आहे. सॉफ्टवेअर फुकट, सोर्स म्हणजे आतला कोड उघडा, जगभर लोक वापरून राहिले, सगळं खरं, पण लाडखेडच्या वाचनालयात मंगळवारी सहा वाजता लॉगिन झालं नाही तर फोन कोणाला लावायचा? तुझ्या ट्रेनिंगनं ती जागा भरली पाहिजे. बाकी काय शिकवलं, किती शिकवलं, हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. आणि तो फोन तुझा नंबर नको, कारण तू वर्षभरात बदलून जाशील किंवा कंटाळशील, दोन्हीत माझी हरकत नाही.

त्यासाठी पूर्ण तालुका एकदम हॉलमध्ये बसवू नको. दारव्हा–दिग्रस रोडवरची, एका एसटीच्या फेरीत येणारी चार-पाच वाचनालयं एकत्र घे, त्यांचीच बॅच कर. त्यातून एक-दोन जण हेर ज्यांना मशीन खोलायची खाज आहे, बहुतेक वेळा तो ग्रंथपाल नसतोच, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला रोज येणारा एखादा पोरगा असतो, चालेल, पण मग ग्रंथपाल पण सोबत पाहिजे कारण तो पोरगा उद्या पुण्याला जाणार. इन्स्टॉलेशन फक्त या एक-दोघांना शिकव. बाकीच्यांना डेबियन, मारियाडीबी, अपाची ही नावं ऐकवायची गरज नाही, त्यांना ब्राउझर उघडून काम करायचं आहे. एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून, एक साधा राउटर, झालं, छोट्या वाचनालयाला इंटरनेट नसलं तरी कोहा आतल्या आत चालते, हे लोकांना सांगितलं की अर्धे चेहरे खुलतात.

इतिहास सांगायचाच असेल तर दोन मिनिटं सांग. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातली छोट्या गावांची वाचनालयं, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल लागल्यावर चालणार नव्हतं, मग तिथल्या ट्रस्टनं काटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून १९९९ मध्ये नवीन लिहून घेतलं, २००० च्या जानेवारीत चालू केलं आणि जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना खुलं करून दिलं. हे मोठ्या शहराच्या युनिव्हर्सिटीतून खाली आलेलं नाही, एवढं कळलं तरी पुरे.

आता शिकवायचं कसं. प्रत्येकाला येताना आपल्या वाचनालयातली एक कपाटभर, बरं कपाटभर नको, एक खणभर पुस्तकं पिशवीत घालून आणायला सांग, आणि दाखल रजिस्टर. नमुन्याची इंग्रजी पुस्तकं देऊन कॅटलॉगिंग शिकवतात ना, ते मला बिलकुल पटत नाही. इंग्रजी पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला, झेड३९.५० या सोयीनं दुसऱ्या ग्रंथालयातून तयार रेकॉर्ड ओढलं, सगळे वा वा करतात, आणि गावी गेल्यावर १९७२ चं मराठी पुस्तक हातात येते ज्याला आयएसबीएनच नाही. मराठीचं रेकॉर्ड बहुतेक हातानंच टाकावं लागते, ते पहिल्या तासातच कळू दे.

कोहाचं नेहमीचं फ्रेमवर्क, म्हणजे पुस्तकाची नोंद भरायचा फॉर्म, उघडून दाखवू नको बाप्पा. शून्यापासून नऊपर्यंत टॅब, आत शेकडो खाने, माणूस तिथंच पेन ठेवतो. आधीच एक छोटं फ्रेमवर्क बनवून ठेव. मार्क नावाच्या ग्रंथालयाच्या नोंदपद्धतीत प्रत्येक खान्याला एक आकडा असतो, त्यातल्या १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये नाव, २६० मध्ये प्रकाशक आणि साल, ३०० मध्ये पानं, ०८२ मध्ये वर्गांक, ९४२ मध्ये आयटम टाइप, आणि ९५२ मध्ये प्रत, म्हणजे दाखल क्रमांक, किंमत, कपाट. दाखल रजिस्टरचे रकाने एका बाजूला आणि हे आकडे दुसऱ्या बाजूला असा एक कागद छापून दे. लोकांना कळते की हे तर आपलंच रजिस्टर आहे, फक्त उभ्याचं आडवं झालं. दाखल क्रमांकच बारकोड म्हणून ठेव, नवीन नंबर काढत बसू नको. आणि इथं एक गंमत होते, जुन्या रजिस्टरात एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांना दिलेला निघतो, कोहा तो दुसऱ्यांदा घेत नाही, लाल एरर येते आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर खराब आहे. तेव्हा घाई करू नको, रजिस्टर उघड, दोन्ही नोंदी दाखव, कोणत्या साली कोणी लिहिल्या ते त्यांनाच बोलू दे. चूक मशीननं नाही केली, पकडली, हे त्यांचं त्यांना दिसते. मग पुढं अ किंवा ब लावायचा की काय ते संचालक मंडळाला विचारून ठरवा, आणि रजिस्टरात पण तशी नोंद करा.

मराठीचा भाग मात्र सावकाश घे, इथं एक पूर्ण दुपार गेली तरी जाऊ दे. पुष्कळ वाचनालयांनी कोणाकडून तरी एक्सेलमध्ये यादी करून घेतलेली असते, ती कृतिदेव नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये. ते दिसायला मराठी, आतून इंग्रजी अक्षरं, कोहात टाकलं की सगळा कचरा. आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा आणि कन्व्हर्ट झाल्यावर डोळ्यांनी वाचा, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते. दुसरं, वऱ्हाड हाच शब्द घे ना. कोणी नुक्त्याच्या ऱ नं टाइप करते, कोणी साध्या र ला हलन्त देऊन त्याच्यामागं न दिसणारं जोडअक्षर घालून, पडद्यावर दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला ते वेगळे, एक शोधला की दुसरा सापडत नाही. आपल्याच भागाची पुस्तकं आपल्याच वाचनालयात हरवायची असतील तर याच्याइतका सोपा रस्ता नाही! बॅचमध्ये ठरवून टाका की सगळे एकाच कीबोर्डनं टाइप करणार. इन्स्क्रिप्ट शिकले तर उत्तम, नाहीतर फोनेटिक, पण एकच. तसंच लेखकाचं नाव, आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, टिंब कुठं, जागा कुठं, हे भिंतीवर लिहून लावा, नाहीतर एकाच लेखकाचे तीन लेखक होतात. आणि इन्स्टॉल करणाऱ्या पोराला सांग की झेब्रामध्ये, म्हणजे कोहाच्या शोध घेणाऱ्या भागात, आयसीयू इंडेक्सिंग (युनिकोड अक्षरं ओळखणारी सोय) चालू करायचं, ते केलं नाही तर देवनागरी शोध धड चालत नाही, आणि नंतर केलं तर पूर्ण इंडेक्स परत बांधावा लागते.

देवघेव सोपी आहे, त्यात जास्त वेळ घालवू नको. फक्त सर्क्युलेशनचे नियम आधी भरले पाहिजेत, कोणत्या सभासदाला किती पुस्तकं, किती दिवस, ते भरलं नाही तर पुस्तक इश्यूच होत नाही आणि सगळी बॅच तिथंच अडकते. कॅलेंडर पण भर. साप्ताहिक सुट्टी, पोळा, तान्हा पोळा, सगळं. तान्ह्या पोळ्याला वाचनालय बंद आणि कोहा म्हणते आज पुस्तक परत करायची तारीख, असं झालं की लोक हसतात आणि हसलेलं सॉफ्टवेअर परत कोणी मनावर घेत नाही.

आता मशीनचं, जे कोणत्याच वर्कशॉपमध्ये सांगत नाहीत. कोहाची पुष्कळ कामं रात्री आपोआप होतात, बॅकअप, उशिराची नोटीस, दंडाचा हिशेब. पण आपलं वाचनालय सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास, बाकी वेळ मेन स्विच बंद. रात्री बंद असलेल्या मशीनवर रात्रीची कामं कशी होतील? महिनोन्महिने बॅकअप झालेलाच नसतो आणि कोणाला पत्ता नसतो. त्या कामांची वेळ वाचनालय चालू असतानाची कर, किंवा अ‍ॅनाक्रॉन टाकून दे, ते राहून गेलेली कामं मशीन चालू झाल्यावर करते. बॅकअप झाला तरी तो त्याच मशीनवर राहते आणि जुना काही दिवसांनी पुसला जाते, म्हणून दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह वाचनालयाच्या टेबलात नाही, घरी. जुन्या डेस्कटॉपचा बायोसचा सेल आधी बदल, दीडदोनशे रुपयांच्या आतली वस्तू आहे, तो गेला की लाइट गेल्यावर तारीख भलतीच होते आणि सगळ्या परतीच्या तारखा चुकतात. सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता, पक्का करून ठेव. राउटर रीस्टार्ट झाला आणि आयपी बदलला की "कोहा उडालं" म्हणून फोन येतो, उडालेलं काहीच नसते. यूपीएसशिवाय सर्व्हर चालू करूच नको, आपल्याकडे लाइट कशी जाते तुला माहीत आहे, जाते, येते, परत जाते.

आणि बॅकअप घ्यायला शिकवलं म्हणजे झालं असं समजू नको. बॅचमधल्या एका वाचनालयाचा बॅकअप दुसऱ्या वाचनालयाच्या रिकाम्या मशीनवर चढवून दाखव. त्या ताईला आपली पुस्तकं दुसऱ्या गावच्या स्क्रीनवर जशीच्या तशी दिसली पाहिजेत. "इकडचं तिकडं झालं त" याचं उत्तर ते आहे, तोंडी समजावण्यात ते नाही. शिवाय त्या दिवसापासून त्या गावाला हे माहीत होते की शेजारच्या गावात आपला डेटा चढवता येणारा माणूस बसला आहे, मी वर म्हटलेला फोन आपोआप तिकडं जायला लागते.

रजिस्टर बंद करा असं चुकूनही सांगू नको. अनुदान त्या रजिस्टरावर येते. दोन्ही चालू दे, पुढं कधी कार्यालयाचं लेखी आलं तर पाहू. उलट कोहातून दाखल नोंदीचा रिपोर्ट काढून द्यायला शिकव, साधी एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतली, चार ओळींची क्वेरी, ती तू सेव्ह करून दे, त्यांनी फक्त रन दाबायचं. वार्षिक अहवालाला लागणारे आकडे, किती पुस्तकं वाढली, किती वाटप झालं, हे दोन मिनिटांत निघते हे सचिवाला दाखव. हो, सचिवाला. प्रत्येक वाचनालयाच्या सचिवाला शेवटच्या दिवशी एक तास बोलव, चहा पाज, कारण यूपीएस आणि सेल घ्यायचा ठराव तो करणार, ग्रंथपालाच्या हातात पैसा नाही.

एक कडू गोष्ट पण सांगून ठेवतो. सगळ्यांनी कोहा घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. ज्या वाचनालयात मोजके वाचक, एक माणूस आणि मशीनच नाही, तिथं चांगलं ठेवलेलं रजिस्टर आणि युनिकोडमधली एक्सेल यादी आज पुरेशी आहे, यादी नीट असली तर ती केव्हाही कोहात घालता येईल. एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर विभागाचं, ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर पण आहे, ते ओपन सोर्स नाही पण सरकारी आहे, कोणी त्यात बसलेलं असेल तर त्याला उगाच उठवू नको. मी एका कॉलेजात पाहिलं, सॉफ्टवेअर विकणारा धंदा बंद करून गेला, डेटा त्याच्याच फॉर्मेटमध्ये अडकला, बाहेर काढायला सोयच नव्हती, शेवटी रजिस्टरावरून परत टाइप केलं सगळं. तेव्हापासून मी एकच विचारतो, यातून माझा पूर्ण डेटा बाहेर काढता येते का? कोहात येते, मार्कमध्ये पण आणि डेटाबेसमधून पण. फुकट आहे म्हणून नाही, यासाठी मी त्याच्या बाजूनं आहे.

तारखेचं बघ. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन, त्यानंतर कापसाची वेचणी, जूनमध्ये पेरणी, मे महिन्यात ४५ च्या वर पारा आणि हॉलमध्ये कूलर एकच, मार्चमध्ये हिशेब. फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धर. दोन दिवस सलग पण घेऊ नको, एक दिवस घे, पंधरा दिवस सोड, त्या पंधरा दिवसांत प्रत्येकानं आपल्या एका कपाटाच्या नोंदी करून आणायच्या, मग दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी जे प्रश्न येतील ते तुझ्या टाइमटेबलात कुठंच नसतील, तो दिवस पूर्ण मोकळा ठेव.

माझं छोटं फ्रेमवर्क एक्स्पोर्ट करून सोबत पाठवतो, सीएसव्ही आहे, इम्पोर्ट करून बघ. माझ्याकडचं व्हर्जन जुनं आहे, कोहाचं नवीन व्हर्जन दर मे आणि नोव्हेंबरात येते, म्हणून आधी टेस्ट मशीनवर टाक. त्यात मी "देणगीदार" म्हणून एक खाना जोडलेला आहे, आपल्याकडे निम्मी पुस्तकं कोणाच्या तरी नावानं आलेली असतात आणि घरचे लोक येऊन विचारतात. तुला नको असेल तर काढून टाक, पण त्या ताईंना विचारून.

तुझा,
सर