गरम पाण्याच्या कुंडात बसून अरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) बघायचा असेल तर

आइसलँडला पहिल्यांदाच जातोयस ना, मग केपीचा आकडा (अरोराचा जोर सांगणारा 0 ते 9 चा निर्देशांक) नंतर बघ, आधी ढग बघ. तिथल्या हवामान खात्याच्या नकाशावर पांढरं म्हणजे मोकळं आकाश, हिरवं म्हणजे ढग. अरोराचा पट्टा जवळजवळ डोक्यावरच असल्याने केपी 2 लाही काम होतं; ढग असले तर 7 सुद्धा वाया.

खरी अडचण वाफेची. पाणी 38-40 अंश, बाहेर शून्याखाली. पहिल्या रात्री मी कुंडाच्या मधोमध बसून तासभर नुसती वाफ बघितली! वारा पाठीवर येईल असा काठ धर, वाफ पुढे निघून जाते. दिव्यांकडेही पाठच. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल उघडलास की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला राखाडी ढगच वाटतो. हलायला लागला की समज.

पाण्यात उतरण्याआधी कपडे काढून साबणाने आंघोळ सक्तीची आहे, लाजू नकोस. चांदीची अंगठी काढून ठेव, गंधकाने काळी पडते. डोक्यावर लोकरीची टोपी हवीच. आणि टॉवेल आतच ठेव. मी कठड्यावर टाकलेला पत्र्यासारखा ताठ झाला होता.