'गवळीराजा'चा किल्ला म्हणजे कोणाचा?

प्रश्न असा आहे: खानदेशात जुन्या गडाबद्दल विचारलं की म्हातारी माणसं हमखास सांगतात, "हाऊ गवळीराजाना किल्ला शे." हा गवळीराजा कोण? आणि बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडाचं नाव आसा अहिरावरून पडलं, हे खरं का?

'अहीर' हा संस्कृत 'आभीर'चा प्राकृतातून आलेला वारस. मधल्या 'भ'चा 'ह' होणं हा प्राकृताचा नेहमीचा खाक्या. अहिरांची बोली ती अहिराणी. आणि गुरं पाळणारे म्हणून अहीर म्हणजेच गवळी, हे समीकरण. आभीर राजे होऊन गेले यात शंका नाही, नाशिकच्या पांडवलेण्यांत ईश्वरसेन आभीराचा शिलालेख आहे. पण म्हणून प्रत्येक तटबंदी त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. बोलण्यात 'गवळीराजा' काळ दाखवतो: खानदेशच्या फारुकी सुलतानांच्याही आधीचं, मूळ धनी विस्मरणात गेलेलं. चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं देऊळ 'हेमाडपंती' ठरतं, मग ते हेमाद्रीच्या आधीचं का असेना. तीच ही गत.

अशीरगडाची गोष्ट फरिश्ता या फारसी इतिहासकाराने सांगितली आहे. हजारो गाई-म्हशींचा धनी आसा अहीर गडावर राहत होता. नासिरखान फारुकीने 'बायकापोरांना आसरा द्या' अशी विनवणी केली आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई वर चढवले. 'आसा अहीर'चं 'आसीर' होणं उच्चाराच्या दृष्टीने अवघड नाही. मात्र फरिश्ता लिहीत होता सुमारे दोनशे वर्षांनी, आणि जागेच्या नावातून माणूस घडवण्याची खोड लोककथांना जुनीच. अश्वत्थामा तिथल्या महादेवाला रोज फूल वाहतो, ही दंतकथाही त्याच गडाची!

गड मात्र आसापेक्षा जुना असावा. उत्तर भारतातल्या मौखरी घराण्याचा राजा शर्ववर्म्याची सहाव्या शतकातली मुद्रा तिथे सापडली. मुद्रा कुठूनही कुठे जाऊ शकते, तेव्हा एवढ्यावरून मौखरींचं राज्य तिथे बसवू नये. पुढचं पक्कं आहे: फारुकी, 1601 मध्ये अकबर, मग मराठे, 1819 मध्ये इंग्रज. महादेवाचं देऊळ, जामा मशीद आणि इंग्रजांच्या कबरी आजही एकाच तटाच्या आत आहेत.

लिहिताना 'लोक याला गवळीराजाचा किल्ला म्हणतात' असं खुशाल लिहावं. 'गवळी राजवटीत बांधला' असं लिहू नये. गडाखालच्या पाट्यांवर ते सर्रास दिसतं आणि मग मुलं निबंधात त्या राजवटीचं साल शोधत बसतात.