द्रावकाचा 'ऱ्हास', 'विघटन' की आणखी काही?

प्रश्न असा आहे: वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या (अमोनियाच्या कुळातल्या नायट्रोजनयुक्त रसायनाच्या) द्रावणात पकडतात. त्यावरच्या लेखाचं भाषांतर करताना 'सॉल्व्हंट डिग्रेडेशन कमी करणे' याला 'द्रावकाचा ऱ्हास रोखणे' म्हणावं की 'द्रावकाचे विघटन रोखणे'?

मला दोन्ही पटत नाहीत. 'द्रावक' ठीक आहे. द्राव्य, द्रावक, द्रावण ही तिकडी शाळेपासूनच ओळखीची. 'ऱ्हास' मात्र फसवा. जंगलांचा ऱ्हास म्हटलं की जंगलं घटली असंच डोळ्यांपुढे येतं. अमाइन वाफेबरोबर चिमणीतून उडून जातं, तीही घटच; पण ते डिग्रेडेशन नव्हे. इथे टाकीत द्रव दिसतो तेवढाच, त्यातलं रसायन पालटलेलं असतं.

'विघटन' निम्मंच लागू पडतं. मोनोइथेनॉलअमाइन हे सर्वांत परिचित अमाइन घ्या, पाण्यात साधारण 30 टक्के. शोषण मनोऱ्यात 40 ते 60 अंशांना धुरातल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू तुटतात; अमोनिया, फॉर्मेट, ऑक्झॅलेट अशी लहान संयुगं तयार होतात. हे विघटन खरंच. पण पकडलेला वायू सोडवायला तेच द्रावण 120 अंशांच्या आसपास तापवतात, आणि तिथे नेमकं उलटं घडतं: कार्बन डायऑक्साइड धरून बसलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. जोडणीला विघटन कसं म्हणायचं?

तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की काळं नि दाट होतं, आणि आपण सरळ 'तेल खराब झालं' म्हणतो. हे द्रावणही पिवळं, मग तपकिरी होत जातं. म्हणून ओघात लिहिताना 'द्रावक खराब होणे' पुरे. संज्ञा हवीच असेल तर 'अवनती' घ्या. 'पर्यावरणाची अवनती' आता रुळली आहे. 'ऑक्सिडीकरणाने' आणि 'उष्णतेने' असे पोटभेदही त्यात सहज बसतात.

'रोखणे'ही नको, 'आटोक्यात ठेवणे' लिहा. कारण ही अवनती पूर्ण थांबत नाही. धुरातला सल्फर डायऑक्साइड आधी धुऊन काढतात, तापमानाला मर्यादा घालतात. नळ्यांचं लोखंड हा खरा घरभेदी: खराब द्रावण लोखंड विरघळवतं आणि विरघळलेलं लोखंड ऑक्सिडीकरणाला उत्प्रेरक ठरतं. म्हणून मोक्याच्या जागी स्टेनलेस स्टील. पायपराझीन हे दुसरं अमाइन 150 अंशांपर्यंत तग धरतं, पण गार झालं की त्याचे स्फटिक धरतात.

जाता जाता: त्याच लेखात 'रीजनरेशन' आणि 'रीक्लेमिंग' हे दोन शब्द येतील. पहिल्यात दर फेरीला वायू सोडवून द्रावण पुन्हा कामाला लागतं. त्याला 'पुनरुज्जीवन' म्हणा. दुसऱ्यात थोडं द्रावण बाजूला काढून, कॉस्टिक सोडा घालून चांगलं अमाइन ऊर्ध्वपातनाने परत मिळवतात, त्याला 'शुद्धीकरण'. दोन्हींना एकच शब्द वापरलात, तर शेवटी तळाशी उरणारा गाळ कुठून आला हे वाचकाला उमगणार नाही.