आधी पातळी जुळव, मग ऐक

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. शोरूममध्ये आधी तुझ्याकडे आहे तोच सीडी प्लेअर लावला, मग तो महागडा लावला, आणि तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) एकदम मोकळी झाली, गायिका दोन पावलं पुढे आली, असं तू लिहिलंस. तुला फरक जाणवला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तो फरक प्लेअरचाच होता का? साठवलेले पैसे घालण्याआधी याचं उत्तर हाती हवं, आणि ते तुझं तुला काढता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. दोन्ही प्लेअरच्या आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय तुलना करायची नाही. सीडी प्लेअरने कमाल पातळीला २ व्होल्ट द्यावेत असा रिवाज आहे, पण तो सगळे पाळतात असं नाही. कुणी २.३ देतो, कुणी त्याहून जास्त. २ आणि २.३ यांत सुमारे १.२ डेसिबलचा फरक पडतो. एवढा फरक ‘आवाज वाढवला’ म्हणून सहसा लक्षात येत नाही, तो भरदार, मोकळा, जवळचा म्हणून जाणवतो. तुझ्या पत्रातले शब्द पुन्हा बघ. शोरूमवाल्याने मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. ॲम्प्लिफायरवर एका प्लेअरवरून दुसऱ्यावर नेणारं इनपुटचं बटण नुसतं फिरवलं तरी हे होतं.

जुळवायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेक जण कंटाळतात. कॉम्प्युटरवर १०० हर्ट्झचा सलग टोन तयार करून दोन कोऱ्या सीडींवर उतरव. १००च घे, कारण स्वस्त मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला नीट मोजत नाहीत. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला लाव आणि व्हॉल्यूम असा ठेव की १ व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. आता इनपुट बदल. एकावर १.०० आणि दुसऱ्यावर १.१४ दिसलं, तर जो जोरात आहे त्याच्या आउटपुटला १० किलोओहमचा स्टिरिओ पॉट (पातळी कमी करायची घुंडी) जोड आणि हळूहळू फिरवत १.०० वर आण. १.०१ चालेल, १.०३ नको. डावा आणि उजवा, दोन्ही चॅनल मोज. त्यानंतर व्हॉल्यूमला हात लावायचा नाही.

मग झाकून ऐकायचं. एकाच सीडीच्या दोन प्रती दोन्ही प्लेअरमध्ये घाल. बटण दुसऱ्या कुणाच्या हाती दे. कोणता प्लेअर वाजतोय ते त्याने नाणं उडवून ठरवावं आणि कागदावर लिहून ठेवावं. तू त्याच्याकडे पाठ करून बस. दर वेळी तोच तुकडा पहिल्यापासून लाव, नाहीतर एक प्लेअर क्षणभर पुढे-मागे असल्याचीच खूण तुला मिळेल. तुकडा १०-१५ सेकंदांचाच घे, कारण आवाजाचा बारकावा स्मृतीत फार वेळ टिकत नाही. असं १६ वेळा कर. १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर नुसत्या अंदाजाने तसं घडण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के असते. मग मीही म्हणेन, फरक आहे.

तुकडा कोणता घ्यायचा? ख्यालाच्या सुरुवातीला नुसते तंबोरे चालू असतात आणि गायिकेने अजून ‘सा’ लावलेला नसतो, तो घे. तिथे खर्जाच्या तारेचा नाद विरताना पार तळापर्यंत ऐकता येतो. दुसरा, बायाँवरची (डग्ग्यावरची) एखादी लांब मींड. नाट्यसंगीताची जुनी ध्वनिमुद्रणं मला प्राणप्रिय आहेत, पण या कामाला ती नकोत. त्यांतला मूळचाच खरखराट सगळं झाकून टाकतो.

प्लेअरमध्ये फरक नसतोच असं मात्र समजू नकोस. सोनीचा सीडीपी-१०१ ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात आला, किंमत १ लाख ६८ हजार येन. त्यात दोन्ही चॅनलना मिळून एकच डॅक (सीडीवरच्या आकड्यांचा विद्युत संकेत करणारी चिप) होता, त्यामुळे एक चॅनल दुसऱ्याच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राहायचा. फिलिप्सने १४ बिटांचे डॅक घेतले, पण चौपट ओव्हरसॅम्पलिंग (मूळ नमुन्यांच्या मध्ये गणिताने जास्तीचे नमुने भरणं) करून १६ बिटांची गुणवत्ता काढली. त्या काळात दोन घराण्यांचे आवाज वेगळे असायला ठोस कारणं होती. आजही ओव्हरसॅम्पलिंगविना चालणारे ‘एनओएस’ डॅक मिळतात. त्यांत वेगळी भरपाई केली नसेल, तर २० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल घट येते. लोक तिलाच ‘ॲनालॉगसारखा गोडवा’ म्हणतात. व्हॉल्व्हचं आउटपुट असलेले प्लेअरही आपला रंग मिसळतात. तो रंग आवडला तर खुशाल घे, फक्त रंग म्हणून घे. ती जास्त अचूकता नाही.

साध्या पण नीट बनवलेल्या आजच्या प्लेअरची गोष्ट वेगळी. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) सारख्या उच्च दर्जाच्या ध्वनीच्या वाटेत त्यांनी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा सीडीचा टप्पा घातला आणि लोकांना ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. म्हणजे नाणेफेकच. सीडीचं माप जिथे कानाला सापडत नाही, तिथे ते माप प्रामाणिकपणे वाजवणाऱ्या दोन यंत्रांतला फरक किती सापडणार?

महाग यंत्रात पैसे कुठे जातात? बऱ्याच अंशी बांधणीत. एसोटेरिक कंपनीच्या व्हीआरडीएस यंत्रणेत डिस्क तिच्याएवढ्याच मोठ्या चकतीला घट्ट धरली जाते. ती बघताना मलाही हरखून जायला होतं, आणि त्या कारागिरीसाठी पैसे मोजणं मला मुळीच गैर वाटत नाही. पण ओरखडा पडलेल्या डिस्कचंही सांगतो. सीडीची चूकदुरुस्ती सलग ४००० बिटांपर्यंतची, म्हणजे ट्रॅकवरची सुमारे अडीच मिलिमीटरची खोट पूर्ण भरून काढते. त्याहून थोडी मोठी खोट प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने झाकतो. त्याच्याही पुढे गेलं की टकटक येते, आवाज अडखळतो. त्याने जवारी काही मिटत नाही.

आणि एक प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, तो तू विचार. लेन्स, म्हणजे डिस्क वाचणारं लेझरचं हेड, गेली तर मिळेल का? केएसएस-२१३ सारखं सर्रास वापरलेलं हेड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधता तरी येतं. बड्या एसएसीडी प्लेअरचं हेड बऱ्याचदा त्या कंपनीखेरीज कुणाकडे मिळत नाही, आणि मॉडेल बंद झालं की तिच्याकडेही मिळेल याचा भरवसा नाही. सुट्या भागांबद्दल लेखी घे.

तुझे स्पीकर भिंतीला टेकलेले आहेत, हे फोटोत दिसलं. ते आधी दीड-दोन फूट पुढे ओढ. त्याने पडणारा फरक ओळखायला झाकून ऐकावंही लागणार नाही.

शोरूमवाला तो प्लेअर दोन दिवस घरी द्यायला तयार असेल तर मला कळव. पॉट मी जोडून देतो, आणि बटणावर बसायलाही येतो. निकाल कोणत्याही बाजूने लागो, १६ उत्तरांचा तो कागद जपून ठेव, मला बघायचाय.

तुझा
काका